निजलेली चकरी

यो-यो हा शब्द माझ्या कानावर फार उशिरा आला. लग्न होऊन धाराशिवला राहायला आले तेव्हा बसस्टँडजवळच्या एका दुकानात प्लॅस्टिकची रंगीत चाकं टांगलेली दिसली आणि दुकानदारानं ते नाव सांगितलं. ईटला, माझ्या माहेरच्या गावी, आमच्या लहानपणी तिला चकरी म्हणायचे, आणि ती लाकडाचीच असायची. कातून गोल केलेल्या दोन चकत्या, मधे बोटाच्या पेराएवढा आस, वरून लाखेचा लाल, पिवळा नाहीतर हिरवा रंग. दोरा बोटात अडकवायचा आणि चकरी सोडून द्यायची. ती उलगडत खाली जायची आणि स्वतःला गुंडाळत पुन्हा हातात यायची. खेळ एवढाच. तो पोरांचा समजला जायचा, पोरी खेळत नसत. मी खेळायचे, कारण माझे वडील, आण्णा, मला चकऱ्या आणून द्यायचे.

आमच्या घरी खव्याची भट्टी होती. भूम तालुक्यात तेव्हाही पुष्कळ घरांत असायची, आजही आहे. भट्टीवर आई बसायची. दिवस उगवायच्या आत वस्त्यांवरनं दूध यायचं, ते लोखंडी कढईत ओतलं जायचं, खाली बाभळीची लाकडं धडधडायला लागायची आणि मग आईच्या हातातलं उलथनं कढईच्या बुडावरून फिरायला लागायचं. खर्र, खर्र, खर्र. माझ्या लहानपणाला आवाज असेल तर तो हाच. दूध आटत आलं की तो आवाज जड व्हायचा आणि मला अंथरुणातूनच कळायचं की आता खवा जमत आला. आईचा उजवा दंड डाव्यापेक्षा जाड होता. कढईच्या कडेला धरलेली करपट खरवड ती माझ्यासाठी काढून ठेवायची. ज्वारीच्या शिळ्या भाकरीवर ती खरवड आणि वर चिमूटभर मीठ, हे माझं सकाळचं खाणं. साखर घालून खाणारी पोरं होती, पण आमच्याकडं मीठच. अजूनही कुणी भूमचा खवा आणला की मी दार लावून घेते आणि थोडा मिठाबरोबर खाऊन बघते. ती चव येत नाही.

खवा पोचवायचं काम आण्णांचं. त्यांच्याकडं एक तीनचाकी टेम्पो होता. भूम, धाराशिव, तुळजापूर अशी पेढ्यांची दुकानं करत ते जायचे आणि बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी परतायचे. वळणावर त्यांचा हॉर्न वाजला की मी घराच्या सपाट माळवदावरून खाली उड्या मारत यायचे. त्यांच्या शर्टाच्या खिशाला फुगवटा दिसला की समजायचं, चकरी आली. ती हातात द्यायच्या आधी ते तिचा इतिहास सांगायचे. ही निळ्या पट्ट्यांची, बार्शीच्या बाजारातली. ही काळपट, गुलबर्ग्याकडच्या एका म्हाताऱ्यानं शिसवाची केलेली, त्याच्याकडची शेवटची. ही हलकी, कडुलिंबाची, हिचा रंग हाताला लागंल. उतरंडीच्या वरच्या भिंतीत मी ओळीनं खिळे ठोकून घेतले होते आणि प्रत्येक खिळ्याला एकेक चकरी दोऱ्यानं टांगलेली असायची. वारा आला की त्या एकमेकींवर आपटून टकटक वाजायच्या. पोरं त्या बघायला यायची आणि मी त्यांना हात लावू देत नसे.

पण माझी खरी मिजास होती ती आण्णांच्या दोऱ्याची. सगळी पोरं दोरा आसाला घट्ट गाठ मारून बांधायची. त्यामुळं चकरी खाली गेली की लगेच परत फिरायची. आण्णा गाठ मारत नसत. ते दोरा दुहेरी घ्यायचे, पायाच्या अंगठ्यात धरून त्याला पीळ घालायचे, मेण लावायचे आणि त्या पिळाच्या फासात आस नुसता बसवून ठेवायचे. अशी चकरी जोरात खाली सोडली की ती दोऱ्याच्या टोकाला जाऊन थांबायची आणि तिथंच भुंग्यासारखी गुणगुणत फिरत राहायची. दुरून बघणाऱ्याला वाटावं ती हललेलीच नाही. बोटानं हलका झटका दिला की मगच वर यायची. आण्णा ह्याला चकरी निजवणं म्हणायचे. माळवदावर माझ्यामागं उकिडवे बसून, माझं मनगट आपल्या हातात धरून त्यांनी मला ते शिकवलं. चकरी टोकाला जाऊन स्थिर झाली की ते कानाशी येऊन हळूच म्हणायचे, "निजली बघ. आता बोलू नको, जागी हुईल." आम्ही दोघं श्वास धरून बसायचो. ही गाठ ह्या तालुक्यात कुणाला येत न्हाय, फकस्त तुला आन् मला, असं त्यांनी मला सांगितलं होतं. मी त्यांची एकुलती एक लेक होते आणि माझा त्यांच्यावर भाबडा, आंधळा विश्वास होता.

आईला चकऱ्या आवडत नसत. ती कधी काही बोलली नाही, पण नवी चकरी आली की तिच्याकडं बघायची आणि उलथनं जोरात फिरवायला लागायची. पोरीच्या जातीला हा खेळ बरा नव्हे म्हणून असेल, असं मला वाटायचं. चकरी आली म्हणजे आण्णांचा मुक्काम बाहेर झाला, एवढाच तिचा हिशेब होता हे कळायला मला वेळ लागला.

एका उन्हाळ्यात, शाळेला सुट्ट्या होत्या तेव्हा, आण्णा खव्याच्या पाट्या टेम्पोत चढवत असताना आई पदराला हात पुसत बाहेर आली.

"पोरीला सुट्टी हाय. न्या की संगं."

"उन्हाचं कशाला?" आण्णा म्हणाले.

"तुमी न्हाय का जात उन्हाचं? बाप कुठं जातो, कसा राबतो, बघू द्या तिला."

ती हसून म्हणाली होती. तिनं माझी वेणी आधीच घालून ठेवली होती, चांगलं परकर-पोलकं काढून ठेवलं होतं. आण्णांनी तिच्याकडं जरा बघितलं आणि मला वर उचलून बसवलं. त्या दिवशी भूमच्या पुढं मी पहिल्यांदा गेले. वाटेतली गावं, ओढे, कुठल्या चढाला टेम्पो रडतो, सगळं आण्णा मला सांगत होते. धाराशिवला कोर्टाजवळ उसाचा रस पाजला. तुळजापुरात दुकानदारानं माझ्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाला, ही लेक का तुमची, तोंड तुमचंच हाय. मी फुगून गेले होते. पाट्या रिकाम्या झाल्या, आता परत फिरायचं असं मला वाटलं. पण आण्णा टेम्पोत बसून राहिले. टॉवेलनं तोंड पुसलं, मान पुसली, स्टिअरिंगचं चाक हातात धरलं आणि सोडलं.

"सुमन, थोडं पुढं जाऊन येऊ. भूक लागली असंल तुला."

मला त्यांनी दुकानात बसवून ठेवलं असतं तर मी आनंदानं बसले असते. पेढे खात बसले असते आणि मला आयुष्यभर काही कळलं नसतं. ते मला घेऊन का गेले, ह्याचा विचार मी म्हातारी झाले तरी करते. कधी वाटतं लपवून लपवून ते थकले होते. कधी वाटतं त्यांना एकदा तरी आम्हा दोघींना एका अंगणात बघायचं होतं. त्यांना विचारायचं राहून गेलं.

सोलापूरच्या रस्त्यानं जाऊन तामलवाडीत टेम्पो थांबला. रस्त्यापासून आत एक पत्र्याचं घर, पुढं लिंबाचं झाड आणि सारवलेलं अंगण. हॉर्न वाजवला नव्हता तरी एक बाई दारात आली. मला बघून ती जागच्या जागी उभी राहिली.

"हिला कशाला आनलं?" ती हळू आवाजात म्हणाली.

"जेवाय वाढ," आण्णा म्हणाले.

परक्या बाईला आण्णा नेहमी वाढा, द्या, बसा म्हणायचे. मी टेम्पोतून उतरता उतरता ते ऐकलं, पण त्याचा अर्थ लावायचं माझं वय नव्हतं. आण्णा सरळ आत गेले, दाराआडच्या खुंटीला न बघता टॉवेल अडकवला आणि भिंतीला पाठ लावून बसले. मी अंगणातच राहिले, कारण घराच्या मागनं माझ्याच वयाची एक मुलगी आली होती. माझ्यापेक्षा जराशी उंच, दोन वेण्या, आणि बोटात दोरा. पुढच्या पडवीच्या तुळईला चकऱ्या टांगलेल्या होत्या. निळ्या पट्ट्यांची होती. हिरवी होती. गुलबर्ग्याच्या म्हाताऱ्याची शेवटची होती.

मला वाटलं, बाजारात सगळ्यांनाच सारख्या मिळतात. खरंच मी स्वतःला तसं समजावलं. तेवढ्यात त्या मुलीनं हात वर करून चकरी खाली सोडली. चकरी टोकाला गेली, थांबली आणि तिथंच गुणगुणायला लागली. तिचं मनगट आण्णा माझं धरायचे तसंच जरासं आत वळलेलं होतं. माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "बोलू नका, जागी हुईल."

मी काही बोललेच नव्हते. आतून कुणी काही सांगायची गरजच उरली नाही.

तिनं झटका देऊन चकरी वर घेतली आणि मला विचारलं, "तुमाला येती का?"

"न्हाय," मी म्हणाले.

"आण्णा शिकवतेल. तुमी कुणाच्या?"

आतून आण्णांनी हाक मारली, "शोभा, पानी आन." ती चकरी खिशात कोंबून पळाली. परवा माझी नात दिवे लागणारा यो-यो घेऊन आली आणि म्हणाली, आजी, तुला येतो का गं? मी तिलाही नाहीच म्हणाले. त्या अंगणातल्या उत्तराची मला सवय झाली आहे.

मी जेवले. भाकरी, येसराची आमटी आणि कांदा. आण्णा कांदा चिरलेला खात नसत, अख्खा ताटाशी ठेवायचा आणि ते बुक्कीनं फोडायचे. त्या बाईनं त्यांच्या ताटाशी अख्खा ठेवला आणि माझ्या ताटात चिरून वाढला. तिचा मला राग आला नाही. ती माझ्या ताटाकडं पुन्हा पुन्हा बघत होती आणि मी काहीतरी मागावं अशी वाट बघत होती. तिलाही ही एकच लेक. आण्णांनी मुलगा पाहिजे म्हणून दुसरं घर केलं असतं तर आईला निदान एक कारण सापडलं असतं, गावात सांगायला आणि स्वतःला सांगायला. पण तिथंही मुलगीच होती आणि तीही माझ्याच वयाची. कारण असं काहीच नव्हतं.

परतीच्या वाटेवर धाराशिव मागं पडल्यावर आण्णांनी एकदाच विचारलं, "आमटी तिखट होती का?"

"न्हाय," मी म्हणाले. दिवेलागणीला आम्ही घरी पोचलो. आईनं मला काही विचारलं नाही. माझी वेणी सोडली, केसांतली धूळ विंचरून काढली, दूध-भाकरी कुस्करून दिली. मला बरं वाटलं. मला वाटलं, विचारणार नाही.

सकाळी उलथन्याचा आवाज आला नाही म्हणून मी जागी झाले. भट्टी पेटलेली नव्हती. ओसरीवर आण्णांचे थोरले भाऊ, आमचे आबा, बसले होते आणि मामाही आले होते. आदल्या दिवशी आम्ही निघाल्यावर आईनं मामांना निरोप धाडला होता. आण्णा बाजेच्या कडेला पाय खाली सोडून बसले होते. आईनं मला हाताला धरून मधे उभं केलं. माझ्या तोंडावरून तिनं ओला पदर फिरवला, जसा शाळेत जाताना फिरवायची.

"सुमे, काल कुठं जेवलीस?"

मी आण्णांकडं बघितलं. ते स्वतःच्या पायाकडं बघत होते. त्यांनी नजर वर केली असती, नुसती मान हलवली असती तरी मी काहीही सांगितलं असतं. पण त्यांनी मला काही खुणावलं नाही.

"तामलवाडीला."

"कुणाच्यात?"

"शोभाच्यात."

"शोभा कोण?"

"पोरगी हाय. माझ्याएवढी."

आबा खाकरले. मामा म्हणाले, "आक्का, लेकराला कशाला." पण आई थांबली नाही. तिचा आवाज चढलेलाही नव्हता.

"ती शोभा ह्यांला काय म्हणून हाक मारती?"

"आण्णा," मी म्हणाले.

दावणीची म्हैस धारेच्या वेळेला ओरडत होती, तिच्याकडं कुणी गेलं नाही. मग आण्णा उठले आणि त्यांनी चपला पायात सरकवल्या. आबा म्हणाले, "बस खाली. बोलून मिटवू."

"न्हाय आबा. पोरीला मधी उभं केलं. आता बसून काय करू."

उंबऱ्याशी ते थांबले. मला वाटलं माझ्याकडं बघतील. ते बाहेर बघतच म्हणाले, "पोरगी खरं बोलली. तिला कुणी काय बोलू नका." टेम्पो वळणावरून गेला तेव्हा हॉर्न वाजला नाही.

त्यानंतर ते आमच्या घरात कधी जेवले नाहीत, झोपले नाहीत. कधीतरी दुपारी आबांच्या ओसरीवर येऊन बसायचे, ज्वारीचं पोतं नाहीतर माझ्यासाठी कापड ठेवून जायचे. मी शाळेत असतानाच यायचे. खवा न्यायला माणूस नाही म्हणून भट्टी बंद पडली, म्हशी गेल्या, कढई आधी पालथी पडली आणि मग परसात गंजत राहिली. आई दुसऱ्यांच्या भट्टीवर बसायला जायला लागली. आमच्या घरातली सकाळ मुकी झाली. चकऱ्या खिळ्यांवर तशाच होत्या. मी त्यांना हात लावला नाही आणि आईनंही फेकल्या नाहीत. तिनं त्या वापरल्या. कणगीच्या तळाला दाणे काढायचं भोक असतं, त्याचा बोळा कुजला तेव्हा तिनं शिसवाची चकरी फोडून तिची एक चकती त्यात ठोकून बसवली. रोज दळणाला ज्वारी काढताना मीच ती उपसायची आणि दाणे सुटले की पुन्हा ठोकायची. लिंबाची चुलीत गेली. एकीचं दाराला अटकण झालं. ह्यात तिचा राग नव्हता. तिला लाकूड लागत होतं आणि भिंतीवर लाकूड होतं.

माझं लग्न ठरलं त्या वर्षीची गोष्ट. पाहुणे बघून गेले होते, मुलीचे वडील कुठं असतात हा प्रश्न विचारून गेले होते, आणि आबांनी काहीतरी सांगून वेळ मारून नेली होती. आई भाकऱ्या थापत होती, मी शेजारी पीठ चाळत होते. तव्यावरची भाकरी उलटून ती चुलीकडं बघतच म्हणाली, "तवा तू न्हाय म्हणली असतीस तर."

मला आधी कळलं नाही ती कशाबद्दल बोलते आहे. कळलं तेव्हा हातातली चाळण थांबली.

"तूच विचारलंस की, आई."

"इचारलं म्या. म्या इचारणारच. पण तू लेकरू होतीस, तुला न्हाय म्हणता आलं असतं. चार माणसांत तू न्हाय म्हणली असतीस तर म्या गप बसले असते. भट्टी पेटवली असती."

तिनं भाकरी निखाऱ्याला लावली. ती फुगली, तिनं ती काढून ठेवली आणि दुसरा गोळा हातात घेतला. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही. मला त्या दिवशी कळलं की तिला साक्ष नको होती. तिला माहीत सगळंच होतं. कुणीतरी, तिच्या पोटच्या पोरीनं, सगळ्यांसमोर खोटं बोलून तिला तो संसार परत द्यावा, एवढ्यासाठी तिनं मला नटवून टेम्पोत बसवलं होतं आणि मधे उभं केलं होतं. आणि मी शाळेत शिकवल्यासारखी उत्तरं दिली. ह्यात माझं काही चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. पण चुकलं नाही म्हणून ते हलकं झालं असंही नाही.

लग्नात आण्णा मांडवाच्या कडेला उभे राहिले, अक्षता टाकल्या आणि पंगतीला न बसता गेले. पुढची कितीतरी वर्षं आई त्यांचं नाव काढत नसे, पण तामलवाडीचं नाव निघालं की म्हणायची, "तिचं चाललंय सुखात. चालू दे." मीही तेच धरून चालले होते. निदान एका घराला ते मिळाले, एका मुलीच्या कानाशी ते बसत असतील, असं समजून मी शोभाचा मनातल्या मनात दुस्वास करत राहिले.

आण्णा गेल्याचं आबांच्या मुलानं फोनवर कळवलं. मी तामलवाडीला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पत्र्याचं घर आता स्लॅबचं झालं होतं, लिंब नव्हता. शोभानं मला लगेच ओळखलं. तिचे केस माझ्यापेक्षा जास्त पांढरे झाले होते. तिची आई आधीच वारली होती. पाणी देऊन ती माझ्यासमोर जमिनीवर बसली.

"लई दिवस आजारी होते का?" मी विचारलं.

"आमाला काय म्हाईत?" ती म्हणाली. "तुमाला ठावं असंल."

"मला कसं ठावं असंल? इथं तर होते."

ती माझ्याकडं बघत राहिली. "इथं कुठं? तुमी तवा येऊन गेला, त्याच्यानंतर आण्णा इथं राहिलेच न्हाईत. दुपारचं यायचे, अंगणातनं जायचे. माय म्हणायची, पहिल्या घरला गेले, लेकीपायी गेले. आमाला वाटायचं तुमच्याकडं हायत, सोलापूरला नुसतं कामाला येतेत."

सोलापुरात एका गोडाऊनच्या मागं त्यांची खोली होती. दुसऱ्यांचे टेम्पो चालवायचे, नंतर चालवणं झेपेना तेव्हा राखणीला बसायचे. खोलीत एक बाज, एक स्टोव्ह आणि दोरीवर दोन सदरे. गोडाऊनच्या मालकाला बोलता बोलता त्यांनी कधी तामलवाडीचं नाव सांगितलं होतं, म्हणून निरोप तिथं आला. शोभा आणि तिचा मुलगा जाऊन आण्णांना घेऊन आले. इतकी वर्षं आईनं तामलवाडीकडं तोंड करून, आणि शोभाच्या आईनं ईटकडं तोंड करून, एकमेकींचा हेवा केला होता. दोन्ही घरं रिकामी होती. मग शोभानं विचारलं, जेवता का, आणि मी म्हणाले, वाढ.

दुसऱ्या दिवशी मी ईटला गेले. आई खाटेवर होती, नजर अधू झाली होती, पण माझं पाऊल तिनं ओळखलं. मी भाकरी दुधात कुस्करून तिला भरवत होते. दोन घास झाल्यावर तिनं माझा हात धरला.

"तिच्यातच होते का, अखेरपतोर?"

ओसरीवर आता कुणी नव्हतं, आबा नाहीत, मामा नाहीत. मी म्हणाले, "व्हय. तिच्यातच होते."

"कुनी करायला होतं मग."

"व्हय."

"बरं झालं," आई म्हणाली. तिनं तोंड उघडलं, मी घास घातला, आणि डोळे मिटून ती तो एक घास कितीतरी वेळ चावत राहिली.